‘रोहना’ कोण चालवत होतं?

मुलांनो, शाळेत असताना लढाई म्हटली की मला तोफा आणि विमानंच आठवायची. माल आणि माणसं नेणारी साधी आगबोटही लढाईत ओढली जाते, हे ‘रोहना’ची हकीकत वाचल्यावर कळलं.

‘रोहना’ १९२६ साली इंग्लंडमध्ये बांधली गेली. मद्रास, नागपट्टणम ते सिंगापूर अशा तिच्या खेपा चालायच्या. पोटात माल, वर प्रवासी. मग दुसरं महायुद्ध पेटलं आणि १९४० मध्ये तिला सैनिकांची ने-आण करायला जुंपलं.

२६ नोव्हेंबर १९४३ ची संध्याकाळ. अल्जीरियाजवळ भूमध्य समुद्रात जर्मन विमानानं तिच्यावर बाँब सोडला. हा बाँब साधा नव्हता, विमानातून रेडिओनं त्याला दिशा देता यायची! तो बोटीच्या कुशीत घुसला. बोटीवर दोन हजारांवर माणसं होती. त्यांतली अकराशेहून जास्त गेली. १,०१५ तर अमेरिकन सैनिकच. ‘पायोनिअर’ या जहाजानं खवळलेल्या समुद्रातून ६०६ जणांना वर काढलं.

नव्या बाँबचं यश शत्रूला कळू नये म्हणून बातमी दडवली. कितीतरी घरांना आपला मुलगा कसा गेला, हे वर्षानुवर्षं समजलंच नाही.

आणि खलाशी? ते बहुतेक भारतीय होते. शंभराहून जास्त बुडाले. ते लढायला निघाले नव्हते, पोटासाठी बोटीवर राबत होते.

म्हणून सांगतो, लढाईची गोष्ट ऐकलीत की एवढं जरूर विचारा, ‘बोट कोण चालवत होतं?’