बाथगेटच्या खाणीतील महाविंचू

विंचू म्हटला की दगडाखाली दडून बसलेला बोटभर लांबीचा जीव आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. भारत व श्रीलंकेत आढळणारी सर्वांत मोठी काळी इंगळीही सुमारे २३ सेंटिमीटरांची असते. परंतु पाऊण मीटरच्या जवळपास पोहोचणाऱ्या विंचवाची ओळख करून घ्यावयाची असेल, तर आपणांस स्कॉटलंडला जावे लागेल.

एडिंबरोहून पश्चिमेस ग्लासगोकडे निघाले म्हणजे वाटेत बाथगेट हे गाव लागते. त्याच्या लगतच्या टेकड्यांत ईस्ट कर्कटन ही चुनखडीची जुनी खाण आहे. वरवर पाहता तेथे मन रमावे असे काही नाही. पण हे खडक सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्या काळी ही भूमी विषुववृत्ताजवळ होती. ज्वालामुखींच्या या प्रदेशात एक सरोवर होते आणि त्याच्या काठी नेच्यांसारख्या वनस्पतींचे रान माजले होते.

खाण बंद पडली, तिचे दगड आसपासच्या कुंपणाच्या भिंतींत गेले. १९८४ साली जीवाश्मांचे संग्राहक स्टॅन वुड यांना फुटबॉलच्या मैदानाभोवतालच्या अशाच एका भिंतीत प्राचीन प्राण्यांचे अवशेष दिसले. मग त्यांनी खाणीचाच शोध आरंभला.

तेथील विंचवाचे शास्त्रीय वर्णन अँड्र्यू जेरॅम यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. 'पल्मोनोस्कॉर्पियस' म्हणजे फुप्फुसांचा विंचू! पुस्तकाच्या पानांसारखी त्याची फुप्फुसे खडकात टिकून राहिली. म्हणूनच तो पाण्यात नव्हे, तर जमिनीवर श्वास घेत होता हे ठरले. त्याचे डोळे मोठे होते. बरेच नमुने लहान पिलांचे आहेत. सुमारे ७० सेंटिमीटरांची लांबी मोठ्या तुकड्यांवरून काढलेली आहे.

याच खाणीत वुड यांना 'लिझी' सापडली. १९९० मध्ये तिचे 'वेस्टलोथियाना' असे नामकरण झाले. पाठीचा कणा असलेला, सरड्यासारखा हा प्राणी जेमतेम वीतभर लांबीचा. आज विंचू आपल्या पायांखाली दडतो. त्या रानात मात्र कणा असलेल्या या चिमुकल्या जीवालाच विंचवाच्या वाटेतून दूर व्हावे लागत असेल!

एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात लिझी पाहताना एवढे अवश्य आठवावे, की ज्या भिंतींपाशी मुले चेंडू खेळत होती, त्यांतच हा इतिहास रचून ठेवलेला होता. उणीव होती ती केवळ थांबून पाहणाऱ्याची.