शेवटची दीड मीटर

गाण्याचा शौक वाईट नाही. पण गाणे ऐकायच्या यंत्राचा शौक हे प्रकरण निराळे. गाण्याच्या शौकिनाला केव्हा तरी तृप्तीची ढेकर येते, यंत्राच्या शौकिनाला ती कधीच येत नाही. आधी स्पीकर बदलतो, मग अँप्लिफायर, आणि बदलण्यासारखे काही उरले नाही म्हणजे त्याची नजर भिंतीतल्या प्लगकडे वळते. जपानात काही शौकिनांनी शुद्ध विजेसाठी अंगणात स्वतःचा विजेचा खांबच उभारून घेतल्याचे २०१६ साली वर्तमानपत्रांत आले होते!

आमच्या घरात हा मान माझ्या पत्नीच्या काकांकडे जातो. ते खोपोलीला राहतात. तीस वर्षे कागदाच्या गिरणीत नोकरी करून निवृत्त झाले आणि गाण्याला वाहून घेते झाले. गेल्या वर्षी मी कर्जतहून गाडीने त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, तानपुऱ्याची जवार हल्ली पूर्वीसारखी लागत नाही. वीज घाण येते." आणि त्यांनी अठरा हजार रुपयांची, मनगटाएवढी जाड वायर माझ्यापुढे ठेवली. अँप्लिफायरपासून भिंतीपर्यंत दीड मीटर!

काकूंनी माझ्याकडे पाहिले. पेन्शनच्या घरात अठरा हजार म्हणजे काय, हे त्या नजरेत होते.

गंमत अशी की काकांच्या गच्चीवरून टाटांच्या वीजकेंद्राचे नळ डोंगर उतरताना दिसतात. घाटमाथ्यावर तलावांत साठलेला पाऊस त्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येतो आणि जनित्रे फिरवतो. खोपोलीचे हे केंद्र १९१५ सालचे. आमच्या कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे १९२२ सालचे. आज मात्र ठिकठिकाणची वीज एकाच जाळ्यात मिसळते. मैलोगणती तारा, रोहित्रे, खांब, मीटर आणि भिंतीतल्या जुन्या वायरी ओलांडून ती काकांच्या प्लगपर्यंत पोचते. एवढ्या प्रवासानंतर शेवटच्या दीड मीटरने तिला काय पावन करायचे? पाताळगंगेचे पाणी कोसभर लोखंडी नळातून आणायचे आणि तोटी तेवढी चांदीची बसवायची, त्यातला हा प्रकार.

शिवाय भिंतीतली वीज काही स्वतः गात नाही. सेकंदाला ५० आवर्तने करणारी ती वीज यंत्राच्या पोटात आधी एकाच दिशेला वळवली जाते, कपॅसिटरांत साठते, आणि मग कामाला लागते. शंभर वॅट ओढणाऱ्या यंत्राला साध्या तांब्याच्या वायरीत २३० व्होल्टपैकी एका व्होल्टचे फार तर तीनचार शतांश कमी पडतात. दिवेलागणीला आमच्याकडे व्होल्टेज याच्या शेकडो पटींनी खालीवर होते, आणि तरी गाणे चालूच असते! प्लग सैल असेल, अर्थिंग बिघडले असेल, तर घरघर येते हे खरे. पण त्याला शेदोनशे रुपयांचा वायरमन पुरतो.

हे सारे मी काकांना सांगितले. ते म्हणाले, "तुम्ही मराठीचे मास्तर. कान माझे आहेत."

मग कानांचीच परीक्षा घ्यायचे ठरले. पुतणीने यंत्रापुढे चादर धरली. काकांची पाठ तिकडे. दहा वेळा तीच तान लावायची. प्रत्येक वेळी कोणती वायर, हे नाणे उडवून ठरवायचे. काकांनी डोळे मिटून उत्तरे दिली. दहांपैकी पाच बरोबर आली. नाण्यानेही तेवढीच दिली असती.

पण त्या रात्रीचा खरा निकाल हा नव्हे. नुकताच पाऊस सरला होता. खिडकीच्या चौकटीत एक रातकिडा इतका किरकिरत होता की पुतणी वैतागून म्हणाली, "आधी याला हाकला, मग गाणे!"

काकांनी विचारले, "कोणाला?"

आम्ही सगळे गप्प झालो. रातकिड्याचा आवाज अगदी उंच पट्टीतला. कान थकले म्हणजे तीच पट्टी आधी जाते, आणि तानपुऱ्याची झिलईही तिथेच असते. काका खिडकीशी गेले, कान लावून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग एवढेच म्हणाले, "गिरणीत मशीनचा आवाज फार होता."

पुढे कानांची तपासणी झाली, आणि तेच निघाले. यंत्र लावायला काका तयार नव्हते. वायर बदलण्यात कमीपणा नाही. कानाला यंत्र लावण्यात मात्र म्हातारपणाची कबुली आहे. चष्मा नाकावर मिरवणारी माणसे कानापाशी का अडतात, कोण जाणे! अखेर काकूंनीच सांगितले, "मी दोनदोनदा हाका मारते, ते काय वायरीच्या दोषाने?" त्यावर काकांपाशी उत्तर नव्हते.

आपल्यात पडलेली तूट बाहेर शोधणे हा मनुष्यस्वभाव आहे. बाहेरची तूट पैसे टाकून भरता येते, असे निदान वाटते तरी. त्यामुळे मी काकांना हसत नाही.

हल्ली काका कानाला यंत्र लावून ऐकतात. तानपुरा अगदी पूर्वीसारखा नाही, पण बराच जवळ आलाय म्हणतात. रातकिड्यांना मात्र शिव्या देतात. अठरा हजारांची वायर काकूंनी विजेच्या कुकरला लावली आहे. भात पूर्वीसारखाच होतो.