ओशकोशची सफर : घरी बांधलेले विमान विकत घेताना

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात विनेबेगो सरोवराच्या पश्चिम काठावर ओशकोश हे गाव आहे. एरवी ते आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावासारखे शांत असते. जुलैच्या अखेरीस मात्र आठवडाभर तेथे आणि आसपासच्या धावपट्ट्यांवर मिळून दहा हजारांच्या आसपास विमाने उतरतात. बहुतेक दोन-चार माणसांची छोटी विमाने. मालक स्वतः चालवत येतो, गवतात विमान उभे करतो आणि पंखाखाली तंबू ठोकून राहतो. घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांची संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीला स्थापन केली. तिचा मेळावा १९७० पासून ओशकोशला भरतो.

आम्ही दोघे पती-पत्नी तेथे गेलो ते कामगिरीवर. आमचा भाचा शिकागोला नोकरी करतो. त्याच्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. कुणीतरी घरी बांधलेले जुने विमान त्याला विकत घ्यायचे होते. रत्नागिरीला आपांनी हे ऐकले आणि त्यांची झोप उडाली. आमचे अमेरिकेला जाणे ठरताच त्यांचा फोन आला, "तुम्ही दोघं डोळ्यांनी बघा, मगच तो पैसे देईल. कारखान्याचं नाही, कंपनीचं नाही, कुणा माणसानं घरात ठोकलेलं विमान!"

आपांची भीती अगदी निराधार नव्हती, हे आम्हाला पुढे कळले.

शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवरून हलाल कबाब आणि पराठे बांधून घेतले आणि मोटारीने तीन तासांत ओशकोश गाठले. मैदानाच्या कडेला उभे राहून आभाळाकडे बघत राहावे असे ते ठिकाण आहे. फिस्क नावाच्या वस्तीजवळ नियंत्रक जमिनीवर बसून दुर्बिणीने विमाने ओळखतात. एवढ्या गर्दीत प्रत्येकाने रेडिओवर बोलणे शक्य नाही, म्हणून ते रंग सांगून हुकूम देतात, "पांढरे विमान, पंख हलवा." विमान पंख हलवते आणि रांगेत लागते. दुपारी एका हँगरच्या सावलीत आम्ही जोहरची नमाज अदा केली. तेथे किब्ला ईशान्येला येतो. शेजारच्या तंबूतल्या बाईंनी आमची चटई बघून आपली खुर्ची मुकाट्याने बाजूला सरकवली.

घरी बांधलेल्या विमानांची रांग वेगळी असते. एकाच नमुन्याची दहा विमाने बघा, दहाही निराळी. कुणाचे बटण डावीकडे, कुणाचे उजवीकडे. अमेरिकन कायद्याप्रमाणे अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आवडीसाठी स्वतः केलेले असावे लागते. सरकारी तपासणी झाल्यावर 'प्रायोगिक' वर्गाचे प्रमाणपत्र मिळते. मग सहसा २५ ते ४० तास ठरावीक हद्दीतच, प्रवासी न घेता ते उडवून पाहायचे. हे विमान हौशी माणसाने बांधले असून कारखान्याच्या विमानांना लागू असलेले सुरक्षेचे नियम ते पाळत नाही, अशी पाटी आत प्रवाशाला दिसेल अशी लावावीच लागते. आमच्यापैकी एकीने ती पाटी वाचली आणि आपांना तिचा फोटो पाठवायचा नाही, असे ठरवून टाकले.

मग लोक घेतात का? कारण पैशाचे आहे. नवे कारखान्याचे चार आसनी सेसना चार लाख डॉलरच्या पुढे जाते. घरी बांधलेले चांगले जुने विमान त्याच्या कितीतरी खाली मिळते आणि बरेचदा वेगाने जास्त असते. आमच्या भाच्याला व्याजाचे कर्ज नको होते. तिघा मित्रांनी मिळून बचतीतून भागी केली होती. त्यांची नजर आरव्ही-६ वर होती. ऑरेगन राज्यातली व्हॅन्स ही कंपनी याचे सुटे भाग पुरवते. दोन माणसे शेजारी-शेजारी बसतात, सगळे अंग ॲल्युमिनियमचे, हजारो रिवेट मारून जोडलेले. या कंपनीच्या वेगवेगळ्या नमुन्यांची दहा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत.

विमान बघायला ओशकोशहून दीड तासावरच्या एका छोट्या धावपट्टीवर जायचे होते. वाटेत भाच्याने जॉन डेन्व्हर या गायकाची हकिकत सांगितली. त्याने लाँग-ईझेड जातीचे, दुसऱ्याने बांधलेले विमान विकत घेतले होते. मूळ आराखड्यात पेट्रोलची टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या पायांजवळ आहे. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्याच्या मागे नेली होती आणि तिच्यावर खुणाही नव्हत्या. डेन्व्हरला आदल्या दिवशी या विमानाची अर्ध्या तासाची ओळख करून दिली गेली होती. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरात ते कोसळले आणि तो मरण पावला. मागे वळून कळ फिरवताना विमान हातातून गेले, असा तपासाचा निष्कर्ष होता. तो काही नवशिका नव्हता, अनुभवी वैमानिक होता.

"मामू, विमान बांधणाऱ्याला त्याची प्रत्येक तार पाठ असते," भाचा म्हणाला. "विकत घेणाऱ्याला फक्त चावी मिळते."

आकडेही तेच सांगतात. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने २०११ सालच्या अशा २२४ अपघातांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक विमाने सध्याच्या मालकाने बांधलेली नव्हती, विकत घेतलेली होती. त्यातले १४ अपघात तर नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात झाले.

विकणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक. नजर कमी झाल्याने त्यांनी उडणे सोडले होते. गॅरेजमध्ये अकरा वर्षे खपून त्यांनी हे विमान बांधले होते. भाच्याने या जातीची विमाने जाणणारा परवानाधारक मेकॅनिक सोबत आणला होता. त्याचे पैसे भाच्याच्या गटाने दिले, विकणाऱ्याने नव्हे. हे महत्त्वाचे.

आधी कागद. नोंदणी, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, वजन आणि तोल यांचा तक्ता, इंजिन व सांगाड्याच्या वह्या. शिवाय बांधणीची वही : अकरा वर्षांच्या नोंदी, प्रत्येक टप्प्याचे फोटो. पत्रा बंद झाल्यावर आतले काम दिसत नाही, तेव्हा त्या फोटोंनाच साक्षीदार मानावे लागते. मग मेकॅनिकने झाकणे उघडली, टॉर्च मारून एकेक रिवेट पाहिला. रिवेटभोवती काळपट भुकटी दिसली तर तो सैल झालेला असतो. रबरी नळ्यांवरच्या तारखा पाहिल्या. सिलिंडरचा दाब मोजला. सगळे ठीक होते. नंतर त्याने भाच्याला आत बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाला, "पेट्रोलची कळ उजव्या टाकीवर आण." कळ दोन आसनांच्या मध्ये होती. भाच्याचा हात तिसऱ्या खेपेला न चाचपडता पोहोचला.

सौदा होणार असे दिसत असतानाच म्हातारबाबा बोलले. "हे दोन हिवाळे उडालेले नाही. एक सिलिंडर काढून आतला कॅमशाफ्ट बघा. खर्च माझा."

मेकॅनिकने आम्हाला समजावले. या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद पडून राहिले की तेल खाली निथळते आणि त्याला गंज चढतो. बाहेरून काही कळत नाही, इंजिन सुरूही होते. मग तो झिजत जातो आणि लोखंडाचा कीस तेलात उतरतो. आठवडाभराने सिलिंडर काढला तेव्हा गंजाचे खड्डे स्पष्ट दिसले. इंजिन उघडून दुरुस्त करण्याचा खर्च त्या गृहस्थांनी किमतीतून वजा करून दिला.

बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या आपल्या प्रिय नबींची (स.) हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. विस्कॉन्सिनच्या त्या हँगरमध्ये विकणाऱ्याने आपल्याच ढिगातली ओल दाखवली. ती दाखवली नसती तर कोणता कायदा आमच्या मदतीला आला असता, असे आम्हाला वाटत नाही. अशा विमानाच्या मागे कारखाना नसतो. बांधणाऱ्याची नियत आणि घेणाऱ्याची चिकाटी, एवढीच हमी.

एक गोष्ट पैशानेही मिळत नाही. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा परवाना मिळतो. तो नव्या मालकाकडे जात नाही. त्यामुळे भाच्याचा गट दरवर्षी परवानाधारक मेकॅनिककडून तपासणी करून घेणार आहे.

आपल्याकडे असा बाजार नाही. मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलेही. पण त्याची सरकारी नोंदणी व्हायला २०१७ साल उजाडले.

आम्ही परत यायच्या आधी आपांना सगळे सांगितले, गंजाचेही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ज्यानं बांधलं तो माणूस कसा आहे?" आम्ही सांगितले. होकार मिळाला, पण दोन अटींवर. याच जातीच्या विमानावर प्रशिक्षकाबरोबर शिकून झाल्याशिवाय एकट्याने उडायचे नाही आणि पहिले ४० तास कुणालाही सोबत बसवायचे नाही.

इंजिन दुरुस्त होऊन आले आहे, भाच्याचे शिक्षण चालू आहे. बांधणीची वही त्याच्या घरी पोहोचली. पहिल्या पानावर त्या गृहस्थांनी आपला फोन नंबर लिहून ठेवला आहे : काही अडले तर कधीही विचारा.