नातवाची बीएमएक्स निवडताना

रक्तदाब तपासून झाला की काही आजी-आजोबा हळूच मला विचारतात, “डॉक्टर, नातू बीएमएक्स सायकल मागतो आहे. घ्यावी का?” माझे उत्तर नेहमी एका प्रतिप्रश्नानेच सुरू होते : “तो तिच्यावर काय करणार आहे?”

कारण बीएमएक्स ही एकाच प्रकारची सायकल नव्हे. १९७०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील मुलांनी मोटरसायकल शर्यतींचे अनुकरण मातीच्या वाटांवर सुरू केले आणि त्यातून ती घडली. सामान्यतः २० इंची चाके आणि बुटका सांगाडा एवढे सर्वांत समान. पुढे मात्र वाटा फुटतात. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकपासून समाविष्ट झालेल्या शर्यतीसाठीची सायकल वजनाने हलकी असते. मातीच्या उंचवट्यांवरून झेप घेणाऱ्यास खरबरीत टायर लागतात, तर रॅम्पवर कसरती करणाऱ्यास गुळगुळीत टायर आणि आघात सोसणारा पोलादी सांगाडा. सपाट जागी गिरक्या घेण्याच्या ‘फ्लॅटलँड’ प्रकारात चाकांच्या आसांना ‘पेग’ नावाच्या आखूड नळ्या असतात. त्यांवर उभे राहून तोल सांभाळायचा. कठडे आणि पायऱ्यांवर चालणाऱ्या ‘स्ट्रीट’ प्रकारात तर पुष्कळजण ब्रेकसुद्धा काढून टाकतात.

हा तपशील आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नातवाला शिकवणीला जायचे असेल, तर बिनब्रेकची सायकल रहदारीत नेणे धोक्याचे. शिवाय बीएमएक्सचे आसन मुद्दामच खाली ठेवलेले असते, कारण ती बहुतांशी उभ्याने चालवतात. रोज लांबचे अंतर बसून कापल्यास गुडघे दुखू लागतात. अशा वेळी साधी, उंचीला साजेशी सायकलच उत्तम. मुलाला खरोखर कसरतींची ओढ असेल, तर जाणकार प्रशिक्षक आणि सुरक्षित जागा आधी शोधावी. हेल्मेट, गुडघ्या-कोपरांची कवचे व हातमोजे यांचा खर्च सायकलीच्या किमतीतच धरावा. जोरदार आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले, तरी बदलावे.

दुपारच्या वेळी घरी बहुधा आपणच असता, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. पडताना हँडलचे टोक पोटात रुतले, तर वरून केवळ लहानसा वळ दिसतो. आत मात्र प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंड यांना इजा झालेली असू शकते. लक्षणे काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनीही प्रकट होतात. पोटदुखी वाढत जाणे, उलट्या, चेहरा पांढुरका पडणे, चक्कर, डाव्या खांद्यात दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास खाऊ-पिऊ न घालता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि हँडल लागल्याचे आवर्जून सांगावे. हँडलच्या टोकांवरील बुचे शाबूत आहेत ना, हे दर आठवड्याला आपणच पाहावे. त्याला ना ताकद लागते, ना तरुण डोळे. बोटाने चाचपले तरी कळते.

आणि मूल पडून घरी आले, तर प्रथम रागावू नका. आधी कुठे लागले, कसे लागले, ते शांतपणे विचारा. ज्या घरात पडल्याबद्दल बोलणी खावी लागतात, त्या घरातील मूल पुढच्या खेपेस पोट दुखत असूनही गप्प राहते; आणि अशा दुखापतीत गमावलेले तास फार मोलाचे असतात.