राम आणि रॅम

फलटणात राम म्हटला की राजवाड्याजवळचे मंदिर. त्यामुळे चिरंजीव ‘बाबा, रॅम आणायचीय’ म्हणाले, तेव्हा माझ्या आईने हातच जोडले!

हवी होती संगणकाची स्मृती, तीही नेमल्या वेगापुढे पळवता येणारी. मी ६४०० चा आकडा पाहून भुललो. चिरंजीवांनी हिशेब मांडला : सीएल म्हणजे मागितल्यावर थांबायचे ठोके. ६४०० ला ते ४०, म्हणजे साडेबारा नॅनोसेकंद. ६००० वालीला ३०, म्हणजे दहाच. दुसरी घेतली. बसवली, तर ४८०० वरच चालली! बायॉसमध्ये तिचे प्रोफाइल चालू केले, तेव्हा ६००० झाले.

पोराची हौस भागेना. त्याने तिला ६४०० वर ताणले. सारे सुरळीत दिसले. पण रात्रभर चाचणी लावली, तर पहाटे एक चूक निघाली.

‘एकच ना?’

‘बाबा, ती कुठल्या फायलीत शिरेल, सांगता येत नाही.’

वेग पुन्हा ६००० वर आला.

वर्गात चटकन उत्तर देणाऱ्यालाच मी वीस वर्षे शाबासकी देत आलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा विचार करून उठे, तोवर मी दुसऱ्याकडे वळलेला असे. त्याचे उत्तर काय होते, ते मला आजही ठाऊक नाही.