पळस ओळखायचा कसा?

मुलांनो, होळीच्या सुमारास तुम्ही कधी रावेरहून पालला गेला आहात का? केळीच्या हिरव्यागार बागा मागे पडतात, सातपुडा जवळ येतो आणि १९६९ साली जाहीर झालेलं यावल अभयारण्य लागतं. पानगळ झालेल्या त्या रानात मध्येच एखादं झाड लालकेशरी फुलांनी पेटल्यासारखं दिसतं. "पळस!" तुम्ही लगेच ओरडाल. पण थांबा! याच दिवसांत पांगारा आणि काटेसावरही लाल फुलांनी भरून जातात. मग यातला पळस कोणता?

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? 'पळसाला पानं तीनच!' पण गंमत अशी, की ऐन बहरात पळसावर पानं जवळजवळ नसतातच. शिवाय पांगाऱ्याचं पानही तीन दळांचंच असतं! म्हणजे इथे ही म्हण कामाची नाही.

म्हणून आधी खोड आणि फांद्या बघा. काटे दिसले तर तो पळस नव्हे. पळसाचं खोड वाकडंतिकडं, खडबडीत, पण बिनकाट्याचं.

आता खाली पडलेलं एक फूल उचला. देठाजवळ काळपट, मखमली पेला. पाकळ्यांवर मऊ लव. आणि खालच्या पाकळीचा बाक अगदी पोपटाच्या चोचीसारखा! म्हणूनच संस्कृतात पळसाला 'किंशुक' म्हणतात. 'हा पोपट तर नव्हे?' असा त्याचा अर्थ सांगतात. काटेसावरीचं फूल मात्र मोठं, पाच जाड पाकळ्यांचं, मध्ये केसरांचा झुबका असलेलं.

ओळख पटली, की फांदी मोडून घरी न्यायचा मोह होतो ना? तसं मुळीच करू नका. मध प्यायला येणाऱ्या मैना, सूर्यपक्षी परागकण इकडून तिकडे नेतात, तेव्हा कुठे शेंग धरते. त्या चपट्या शेंगेत टोकाला बी असते एकच! शास्त्रीय नावातल्या 'मोनोस्पर्मा'चा अर्थही 'एका बीचा' असाच आहे. फुलांची फांदी मोडली, की तेवढ्या बिया गेल्याच म्हणून समजा.

अभयारण्यातून तर काहीच उचलून आणायचं नाही. धुळवडीला रंग हवा असेल, तर घरच्या शेताच्या बांधावरच्या पळसाखाली पडलेली फुलं वेचा. ती पाण्यात उकळली, की छान केशरी-पिवळा रंग उतरतो.

आणि हो, उन्हाळा सरता सरता त्याच झाडाकडे पुन्हा जा. नवी पालवी आलेली असेल. तेव्हा मात्र पानं मोजा. तीनच भरतील!