भिंतीवरची आगबोट

चित्र कोणत्या भिंतीवर लावावे यावरून पुष्कळ घरांत वाद होतात. परंतु चित्रातील बोट कोणत्या दिशेने चालली आहे, एवढ्यावरून मनाची झोप उडावी असा प्रसंग गेल्या उन्हाळ्यात आमच्यावर आला. तो सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे चिरंजीव अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानात असतात. त्यांनी तेथे नवे घर घेतले, म्हणून आम्ही व सौ. चार महिन्यांकरिता गेलो होतो. दिवाणखान्याची एक प्रशस्त भिंत कोरी होती. आमच्या बालपणीच्या घरात भिंतीला कोरे राहण्याची मुभाच नव्हती. एका बाजूस रविवर्म्याच्या छापखान्यातील लक्ष्मी, दुसऱ्या बाजूस पणजोबांची तसबीर. दोन्ही वरून पुढे झुकलेल्या आणि दोहोंच्या मागे चिमण्यांचा संसार. तसबिरीमागून पडणाऱ्या काड्या आमच्या आजीने वर्षानुवर्षे झाडल्या, पण घरटे कोणास काढू दिले नाही. चिरंजिवांच्या भिंतीवर जे चढले त्याला काच नव्हती, चौकट नव्हती, आणि चिमणीला जागा तर मुळीच नव्हती. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर उमटविलेले ते एक जुने छायाचित्र होते.

पत्र्यावर चित्र उमटते तरी कसे, हे आम्ही विचारून घेतले. पत्र्यावर आधी एक विशिष्ट लेप देतात. चित्र विशेष रंगांनी एका कागदावर उलटे छापतात, तो कागद पत्र्यावर ठेवून सुमारे 200 अंश उष्णतेत दाबतात. आमच्या देवघरातील कापूर जसा न वितळता हवेत उडून जातो, तसे ते रंग वायुरूप होऊन लेपात शिरतात आणि तेथेच थिजतात. म्हणजे चित्र पत्र्याच्या अंगावर नसते, अंगात असते. ओल्या फडक्याने पुसले तरी त्यास काही होत नाही. मात्र रोजचे कडक ऊन त्यासही मानवत नाही. प्रथम आम्ही नाक मुरडले. मग आठवले की, 1839 मध्ये दागेरची जी छायाचित्रे पाहून जग थक्क झाले, ती चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरच होती. छायाचित्राला धातूचे वावडे नाही. ते त्याचे माहेरच म्हणावयाचे.

झिलई असावी की नसावी, यावर मात्र मतभेद झाला. जुन्या करड्या चित्रास मंद पृष्ठभाग शोभेल असे आमचे म्हणणे. चिरंजिवांनी झिलईदार मागविले. परिणाम असा झाला की, रात्री दिवे लागले म्हणजे चित्रातील काळोख्या भागांत पाहणाराचा चेहरा उमटे.

चित्र होते आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याचे 1907 मधील ‘द स्टीअरेज’. स्टीअरेज म्हणजे आगबोटीतील सर्वांत स्वस्त वर्ग. कोकणबोटीच्या डेकवर वळकट्या पसरून बसलेले उतारू ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस अधिक सांगणे नको. स्टीग्लिट्झ पहिल्या वर्गाने प्रवास करीत होता. तेथील डामडौलास कंटाळून तो फिरत टोकाशी आला आणि खाली पाहतो तो काय, डावीकडे कललेले धुराडे, उजवीकडे लोखंडी जिना, मध्ये आडवा गेलेला पांढरा पूल. वर कठड्याशी एका माणसाची वाटोळी गवती टोपी, खाली शाली पांघरलेल्या बाया, मुले, वाळत घातलेले कपडे. तो धावत खोलीकडे गेला व कॅमेरा घेऊन आला. जवळ न वापरलेली काच एकच उरली होती. तोपर्यंत गवती टोपीवाला जागचा हलला नव्हता. एवढ्या दैवयोगावर हे चित्र जन्मास आले. 1911 मध्ये त्याने ते आपल्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकात छापले, तेव्हा ते जेमतेम वीतभर उंचीचे होते. चिरंजिवांच्या भिंतीवर ते हातभराहून मोठे झाले होते.

वास्तुशांतीच्या दिवशी पाहुणे जमले. चिरंजीव प्रत्येकास चित्रापाशी नेऊन सांगत, “ही माणसे आपल्यासारखीच. घरदार सोडून या देशात उतरावयास निघालेली.” पाहुणे माना डोलवीत. कित्येकांचे डोळे क्षणभर ओले झालेले आम्ही पाहिले.

पुढे एके दिवशी गावातील ग्रंथालयात त्या चित्रावरचे एक पुस्तक हाती आले. त्यात वाचले की, ती बोट अमेरिकेकडे येतच नव्हती. ‘कैसर विल्हेल्म द्वितीय’ हे तिचे नाव, आणि ती अमेरिकेहून युरोपास चालली होती. त्या काळी कित्येकांना बंदरावरूनच परत धाडीत. कित्येक चार पैसे मिळवून आपण होऊन घरी परतत. चित्रातील माणसे परतणारी होती.

आम्ही पुस्तक मिटले. पण मन मिटेना. “पाच वर्षांनी येतो,” असे सांगून चिरंजीव गेले, त्यास आता बावीस वर्षे झाली. हे त्यांस सांगावे की न सांगावे? सत्य सांगणे हे कर्तव्य, असे आम्ही स्वतःस बजावले. पण रात्री त्या झिलईत आमचा चेहरा शालवाल्या बायांमध्ये दिसला, तेव्हा कळले की आमच्या सत्यप्रीतीत बापाची आशाच अधिक आहे. सौ.ला विचारले. ती म्हणाली, “सांगायचे तर सांगा, पण काही मागायचे म्हणून सांगू नका.”

शेवटी एका रविवारी चहा घेताना आम्ही म्हणालो, “अरे, ही बोट येत नाही, जाते आहे.” आणि वाचलेले सारे सांगितले. चिरंजीव बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “अण्णा, मग काढून टाकू का?”

“छे, छे!” आम्ही म्हणालो. “चित्र चांगले आहे.”

नात मात्र उठून चित्रापाशी गेली. बोटीचे नाक कोणीकडे आहे हे तिने पुष्कळ शोधले, आणि म्हणाली, “आजोबा, यात काहीच कळत नाही.” तिचे खरे होते. चित्रात दिशा नाही. आहे ती फक्त माणसांची ताटकळ. त्यानंतर आलेल्या पाहुण्यांस चिरंजिवांनी एवढेच सांगितलेले आम्ही ऐकले, “1907 मधले चित्र आहे. बोटीवरची माणसे.”

निघण्याच्या दिवशी सामान दाराशी आले होते. सौ.ने देवास नमस्कार केला, आणि का कोण जाणे, जाता जाता पदराच्या टोकाने त्या पत्र्यावरचे बोटांचे ठसे पुसले. सून म्हणाली, “आई, राहू द्या, मी पुसते.” विमान अटलांटिकवरून पूर्वेकडे निघाले तेव्हा आमच्या ध्यानात आले की, बावीस वर्षे ज्यांच्या परतण्याची आम्ही वाट पाहत होतो, ते घरीच होते. गाठोडी बांधून त्या बोटीच्या वाटेने परत चाललो होतो, ते आम्ही.